दंड भरला, विषय संपला?

आधीच सांगून टाकतो. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठीचा तास म्हणजे खिडकीबाहेर बघायचा तास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी आणि संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण जे सांगायचंय ते मराठीतच सांगावंसं वाटलं, कारण ज्यांना सांगायचंय ते सगळे आपल्याच विंगमध्ये राहतात.

गोष्ट मे महिन्यातल्या पीएलमधली. रात्री दहानंतर कॉरिडॉरमध्ये आवाज केला तर पाचशे रुपये दंड, हा आपल्या हॉस्टेलचा नियम. नोटीस बोर्डवर आहे, सही-शिक्क्यासकट आहे. आणि तो आपण कसा पाळतो हेही सगळ्यांना माहीत आहे. वाढदिवसाची वर्गणी काढताना केक, सामोसे, कोल्ड्रिंक आणि दंड असा चौथा हिशोब आपण आधीच धरतो! त्या रात्रीही धरला होता. बारा वाजता कॉरिडॉरमध्ये स्पीकर लागला. साडेबाराला रेक्टर सर आले. आम्ही पैसे तयारच ठेवले होते. सरांनी पावती फाडली, आम्ही ती बर्थडे बॉयच्या दाराला सेलोटेपने चिकटवली आणि आवाज थोडा कमी करून दोनपर्यंत नाचलो.

सकाळी मेसमध्ये कळलं, की आमच्या विंगच्या टोकाच्या खोलीत राहणाऱ्या घानाच्या मित्राची आजी त्याच रात्री वारली होती. साडेअकराला त्याला अक्राहून फोन आला होता. आजीनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. आम्ही नाचत होतो तेव्हा तो भिंतीपलीकडे डोक्यावर उशी घेऊन पडला होता.

मी त्याला म्हटलं, "अरे, एकदा दार उघडून सांगायचं होतंस. लगेच बंद केलं असतं."

तो म्हणाला, "तुम्ही पैसे भरले होते ना?"

तो टोमणा होता की नाही, मला अजूनही कळलेलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. या लेखाला तेच कारण.

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर बराच वेळ बसलो. तेव्हा त्याने सांगितलं, की आजीचं मोठं क्रियाकर्म लगेच होणार नाही, कारण अक्रात सध्या आवाजबंदी चालू आहे. मला वाटलं, कर्फ्यू वगैरे असेल. तसं नव्हतं. अक्रा ही घानाची राजधानी, आणि त्या जमिनीचे मूळ लोक म्हणजे गा. माझा मित्रही गा. दरवर्षी मेच्या सुमारास गा लोकांचे पुजारी, ज्यांना ते 'वुलोमो' म्हणतात, विधीपूर्वक मका पेरतात. त्यानंतर साधारण तीस दिवस ढोल वाजवायचा नाही, लाऊडस्पीकर लावायचा नाही, वाजत-गाजत अंत्यविधीसुद्धा करायचे नाहीत. जमिनीत बी पडलंय, देव आणि पूर्वज त्याची काळजी घेतायत, त्यांना शांतता हवी, ही त्यामागची श्रद्धा. मुदत संपली की ठरलेल्या विधीने ढोल पुन्हा वाजतो आणि बंदी उठते. पुढे पीक आलं की 'होमोवो' हा सण. होमोवो म्हणजे भुकेची हुर्यो उडवणं! कधीकाळी दुष्काळातून वाचलेल्या लोकांनी भुकेला चिडवायचं म्हणून हा सण सुरू केला, असं ते सांगतात. त्या दिवशी मक्याचं 'क्पोक्पोई' करतात, ते पूर्वजांसाठी जमिनीवर शिंपडतात आणि भांडलेले नातेवाईकसुद्धा एका घरी जेवायला जमतात.

हे ऐकताना मला माझीच लाज वाटत होती. त्याचं कारणही लिहिलं पाहिजे. फर्स्ट इयरला याच मित्राला मी पहिला प्रश्न विचारला होता तो "तुमच्याकडे जुजू करतात ना रे?" आणि सगळे हसले होते. तोही हसला होता, पाहुणा हसतो तसा. शाळेत आम्हाला आफ्रिकेबद्दल जे काही कळलं ते फादर लिव्हिंगस्टन, डार्क कॉन्टिनेंट आणि सिनेमातला नाचणारा मांत्रिक एवढंच. (लिव्हिंगस्टन 'फादर' नव्हता, स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनरी होता, हेही मला नंतर कळलं. यावरून आमच्या ज्ञानाची कल्पना यावी!) तिथले लोक झाडाला, नदीला, पूर्वजांना मानतात म्हणजे ते मागासलेले, असा सरळ हिशोब होता. माझी आजी वडाला दोरा गुंडाळते, ते मात्र या हिशोबात कधी आलं नाही.

मग मी वाचायला लागलो. लायब्ररीत चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी मिळाली. 1958 सालची. अचेबे नायजेरियातल्या इग्बो समाजातला, आणि त्याचे वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक. म्हणजे तोही माझ्यासारखाच एका बाजूला मिशनची शाळा आणि दुसऱ्या बाजूला गावचे देव, असा वाढलेला. कादंबरीत पेरणीआधी एक 'शांततेचा आठवडा' येतो. त्या आठवड्यात कुणी कुणावर हात उगारायचा नाही, कठोर शब्दही बोलायचा नाही. नायक ओकोंक्वो गावातला नावाजलेला मल्ल, पैसेवाला. तो रागाच्या भरात त्याच आठवड्यात बायकोला मारतो. लगेच भूमातेचा पुजारी त्याच्या दारात येतो. बायकोची चूक होती, हे कारण तो ऐकूनच घेत नाही. तुझ्या या कृत्याने भूमाता चिडली तर पीक सगळ्या गावाचं जाईल, असं तो सुनावतो आणि बकरी, कोंबडी, कापड आणि कवड्या घेऊन भूमातेच्या ठिकाणी यायला फर्मावतो. ओकोंक्वो ते मुकाट्याने करतो. ज्याला गावात कुणी हात लावू शकत नाही, त्याला एक पुजारी गप्प करतो!

इथे मला एक गोष्ट लक्षात आली. जुन्या इग्बो गावांपैकी बहुतेकांना राजा नव्हता, पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. पण 'आनी' किंवा 'आला' नावाची भूमाता होती. रक्ताच्या माणसाचा खून, चोरी, विषप्रयोग हे नुसते गुन्हे नव्हते, ते जमिनीचा विटाळ होते. विटाळ झाला की तो काढायची जबाबदारी सगळ्यांची. म्हणजे धर्म हा तिथे रविवारचा किंवा सणावारचा वेगळा कप्पा नव्हता. केनियाचे अभ्यासक जॉन म्बिती यांनी 1969 मध्ये आफ्रिकेच्या धर्मविचारावर मोठं पुस्तक लिहिलं. ते स्वतः अँग्लिकन पाद्री होते. त्यांचा मुख्य मुद्दा हाच, की आफ्रिकी माणसाच्या जगण्यात धर्म कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो अशी रेघ मारता येत नाही.

आता आपल्या भाषेत सांगतो. टॉममध्ये आपण सगळ्यांनी गव्हर्नर शिकलाय. (ज्यांना केटी लागली त्यांनी जरा जास्तच शिकलाय!) इंजिनावरचा भार कमी झाला, वेग वाढला, की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेचा किंवा इंधनाचा पुरवठा कमी होतो. गंमत म्हणजे गव्हर्नर बाहेरून कुणी चालवत नाही. तो इंजिनाच्याच शाफ्टवरून फिरतो. इंजिन स्वतःचाच वेग स्वतः सांभाळतं. माझ्या मते हे विधी म्हणजे समाजाचा गव्हर्नर आहेत. रेक्टर सर हे बाहेरचे आहेत. ते येईपर्यंत आपण नाचतो. वुलोमोची आवाजबंदी आतली आहे. ती गावाच्याच शाफ्टवर बसवलेली आहे.

याची आणखी उदाहरणं द्यायचा मोह आवरत नाही. घानाच्या बहुतेक किनाऱ्यावर मंगळवारी मासेमारी करत नाहीत. मंगळवार समुद्रदेवाचा. वर्षाचे बावन्न दिवस समुद्र मोकळा! पण तो दिवस नुसता सुट्टीचा नसतो. त्या दिवशी जाळी विणतात, होड्या दुरुस्त करतात आणि मुख्य नाखव्यासमोर आठवड्याची भांडणं मिटवतात. तिकडे आत, अशांती लोकांमध्ये, गुरुवार हा 'असासे या' या भूमातेचा. त्या दिवशी जमिनीला कुदळ लावायची नाही. फान्ते लोकांत तोच मान शुक्रवारला. म्हणजे जमिनीला, समुद्राला आठवड्याची सुट्टी आहे. आपल्या वर्कशॉपच्या मशीनना तेवढीही मिळत नाही!

केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंदा लोकांची 'काया' नावाची जंगलं आहेत. पूर्वी तिथे तटबंदीची गावं होती. लोक बाहेर पडले, पण जंगलं पूर्वजांची म्हणून राखली गेली. ज्येष्ठांच्या परवानगीशिवाय तिथे झाड तोडायचं नाही, गुरं चारायची नाहीत. सुमारे 200 किलोमीटरच्या पट्ट्यात आजूबाजूचं जंगल गेलं, पण काया राहिल्या. 2008 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नायजेरियातलं ओशुन देवीचं ओशोग्बोचं राईवन त्याआधी, 2005 मध्येच, त्या यादीत गेलं होतं.

हे वाचून कोकणातल्या मित्रांना 'अरे, ही तर आमची देवराई!' असं वाटलं असेल तर ते बरोबरच आहे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हे त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं असणार. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र तुटलेलं जंगल देवाच्या धाकाने तिथे कसं टिकलं ते जगासमोर आलं. आपले कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. आज सरकारची 1 जून ते 31 जुलै अशी बंदी आहे. आणि घानाने होड्यांसाठी सरकारी मासेमारी बंदी पहिल्यांदा कधी लागू केली? 2019 मध्ये. समुद्रदेवाचा मंगळवार त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी माझ्या जुन्या चुकीची उलटी चूक करीन. तेव्हा सगळं जंगली वाटायचं, आता सगळं महान वाटायला लागेल. दोन्हीकडे डोळे मिटलेलेच!

घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यात 'त्रोकोसी' नावाची प्रथा होती. घरातल्या कुणी गुन्हा केला, की देवाचा कोप टाळायला त्या घरची कुमारी मुलगी देवस्थानाला द्यायची. गुन्हा आजोबांचा, शिक्षा नातीला. तिने पुजाऱ्याकडे राबायचं. घानाने 1998 मध्ये कायदा करून हा गुन्हा ठरवला. आपल्याला देवदासी माहीत आहेत, तेव्हा नाक मुरडायचा अधिकार आपल्याला नाही. उत्तर घानात गांबागासारख्या ठिकाणी चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बायकांच्या वस्त्या आहेत. जुलै 2020 मध्ये काफाबा गावात चेटकीण म्हणून नव्वद वर्षांच्या एका म्हातारीला भर बाजारात मारून टाकलं. आपल्याकडे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. म्हणजे धाकाने जंगल टिकतं, तसं धाकाने माणूसही मरतं.

गव्हर्नरच्या भाषेत याला 'हंटिंग' म्हणतात. गव्हर्नर गरजेपेक्षा जास्त संवेदनशील झाला की वेग स्थिर राहायच्या ऐवजी सतत वर-खाली होत राहतो. गावात कुणाचं पोर दगावलं, कुणाचं पीक गेलं, की लगेच दोषी कोण ते शोधायचं, आणि ती बहुधा एकटी, विधवा, म्हातारी बाई असायची. हे नियमन नव्हे, हे बिघडलेलं यंत्र आहे. फरक ओळखायला मी स्वतःपुरती एक सोपी कसोटी ठरवलीय. नियमाचा भार कुणावर पडतो ते बघायचं. आवाजबंदीत श्रीमंत, गरीब, पुजारी, राजा सगळेच गप्प बसतात. शांततेच्या आठवड्यात ओकोंक्वोलाही वाकावं लागतं. त्रोकोसीत मात्र सगळा भार एका मुलीवर पडतो आणि बाकीचे मोकळे होतात. पहिल्याला मी नियमन म्हणेन, दुसऱ्याला नाही.

कुणी विचारेल, आज शहरात हे कसं चालणार? अक्रात आता सगळे गा नाहीत, आणि 2021 च्या जनगणनेनुसार घानाचे सुमारे 71 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. त्यांनी वुलोमोचं का ऐकावं? हा प्रश्न तिथे रस्त्यावर आला होता. 1998 पासून पुढची काही वर्षं बंदीच्या काळात ढोल-स्पीकर लावणाऱ्या चर्चवर हल्ले झाले, उपकरणं फोडली गेली. देवाच्या शांततेसाठी दगडफेक, याहून उलटं काय असणार? पण पुढे चर्चचे प्रतिनिधी, गा परंपरेचे मानकरी, महापालिका आणि पोलीस एकत्र बसले. तेव्हापासून दरवर्षी बंदीच्या तारखा आधी जाहीर होतात. प्रार्थना करा, पण आवाज भिंतीच्या आत ठेवा, असा तोडगा निघाला. माझा मित्र मेथडिस्ट आहे, रविवारी चर्चला जातो. मी विचारलं, "मग तू का पाळतोस?" तो म्हणाला, "मका सगळेच खातात."

उलट उदाहरणही घानातलंच. बोआबेंग आणि फिएमा या दोन जोडगावांत माकडांना देवाची लेकरं मानतात. मेलेल्या माकडाला माणसासारखं पुरतात. 1970 च्या दशकात एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 'असलं काही नसतं' म्हणून माकडं मारायला सुरुवात केली. त्यांचं तर्कशास्त्र बरोबर असेलही, पण माकडं संपायला लागली. शेवटी 1975 मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने माकडं मारायला बंदी घालणारा नियम केला. श्रद्धा आणि सरकारी कागद असे दोन्ही मिळून ती माकडं आज जिवंत आहेत. तेव्हा कायदा की परंपरा असं भांडत बसण्यात अर्थ नाही. कागदाला कुणाचं तरी मन लागतं, आणि मनाला कधीकधी कागद लागतो.

आता परत आपल्या कॉरिडॉरमध्ये येऊ. आपला पाचशे रुपयांचा नियम का चालत नाही? माझं उत्तर असं, की पाचशे रुपये हा दंड राहिलाच नाही, ते भाडं झालंय. भाडं भरलं की खोली आपली, दंड भरला की रात्र आपली. पावती हातात आली की मनावर काही उरत नाही. ओकोंक्वोनेही बकरी आणि कवड्या दिल्याच की! पण त्या देण्याआधी त्याला पुजाऱ्याकडून ऐकून घ्यावं लागलं, की त्याच्या वागण्याने सगळ्या गावाचं पीक धोक्यात आलं. आम्ही पाचशे रुपये दिले तेव्हा कुणाचं काय धोक्यात आलं हे आम्हाला माहीतच नव्हतं. विचारायची गरजच पडली नाही.

मी काही हॉस्टेलमध्ये वुलोमो नेमा असं म्हणत नाही. (रेक्टर सरांना ते आवडेलही!) पण अक्राच्या बंदीतल्या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, तिला सुरुवात आणि शेवट आहे. वर्षभर गप्प बसा असं कुणी म्हणत नाही. मका रुजेपर्यंत बसा, मग ढोल तुमचेच. दुसरी, कारण सगळ्यांना पाठ आहे. तिसरी, शेवटी सण आहे. शांतता पाळली त्या सगळ्यांनी मिळून भुकेची हुर्यो उडवायची.

मग पीएलचे तीन आठवडे आपण सगळ्यांनी मिळून का ठरवू नयेत? नोटीस बोर्डवर नाही, मेसमध्ये उभं राहून. टॉपर, बॅकलॉगवाले, जीएस, सगळ्यांसमोर. ज्याने मोडलं त्याने पैसे द्यायचे नाहीत. त्याने विंगमधल्या प्रत्येक खोलीचं दार वाजवायचं आणि 'माझ्यामुळे तुझा अभ्यास किंवा झोप मोडली' एवढं म्हणायचं. बास. शेवटचा पेपर झाला की त्याच कॉरिडॉरमध्ये, रेक्टर सरांना बोलावून, स्पीकर फुल्ल. पाचशेच्या पावत्यांपेक्षा हे अवघड आहे, मला माहीत आहे. दार वाजवणं किती अवघड असतं ते मी स्वतः करून बघितलंय.

कारण आम्ही सात जण त्या संध्याकाळी टोकाच्या खोलीचं दार वाजवायला गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण कुणालाच नीट बोलता आलं नाही. त्याने आजीचा फोटो दाखवला. मग बाटलीतलं थोडं पाणी खिडकीतून बाहेर मातीवर ओतलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. आम्ही गप्प उभे होतो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

दारावरची ती पावती मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली. सेलोटेपचा डाग अजून आहे.

– टी.ई. (मेकॅनिकल)